वेदीपासून दारापर्यंत

उपासना हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. आंधळगावातले आमचे घर कोष्ट्याचे. सकाळी माग सुरू करण्यापूर्वी आबाजी मागाच्या लाकडाला हात लावून तो कपाळाशी नेतात. नवरात्रात मोहाडीला जाऊन चौंडेश्वरीचे दर्शन घेतात. आजी कांड्या भरताना जे पुटपुटते त्यात गाणे किती आणि देवाचे नाव किती, हे तिचे तिलाच ठाऊक. या सगळ्याला आमच्याकडे 'देवाचं करणं' म्हणतात. उपासना हा शब्द मला भेटला तो कॉलेजात आल्यावर, आणि गंमत अशी की तो ख्रिस्ती माणसांच्या तोंडून भेटला. त्यांच्याकडे रविवारी सकाळी जे होते त्याचे नावच उपासना. पूजा नव्हे, आरती नव्हे, भजनही नव्हे. जवळ बसणे, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

जवळ बसणे! कोणाच्या जवळ? देवाच्या, हे उघड आहे. पण देवळात काय किंवा चर्चमध्ये काय, माणूस देवाजवळ बसतो तेव्हा शेजारी आणखी कुणीतरी बसलेलेच असते. या दुसऱ्या शेजाऱ्याविषयी मला काही लिहावयाचे आहे. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नव्हे, ख्रिस्तीही नव्हे. वर्गात 'स्मृतिचित्रे' वाचताना जे कुतूहल जागे झाले त्याच्या मागे मागे गेले, इतकेच.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र आमच्यापैकी अनेकांनी परीक्षेपुरते वाचले असेल. त्यात एक आगगाडीचा प्रसंग आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणे निघाले, ते धर्मावर गेले, आणि त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. वर असेही सांगितले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे सर्वांना माहीत आहे. मला एकदम लक्षात आले ते निराळेच. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी जाते कुठून? वरठीवरून! म्हणजे आमच्या मोहाडी तालुक्यातून. भंडारा रोड, तुमसर रोड, पुढे वैनगंगेचा पूल, मग गोंदिया. मराठी ख्रिस्ती गाण्याचा इतिहास बदलून टाकणारे ते संभाषण आमच्या धानाच्या बांध्यांच्या मधून गेले असणार. गाडी कोणत्या स्टेशनात असताना पुस्तक हातात पडले ते कुठे लिहिलेले नाही, तेव्हा ते आमच्याच तालुक्यात पडले असे मानायला मला कोणाची हरकत नसावी.

गाण्याचा इतिहास बदलला म्हणजे काय झाले, ते सांगायला हवे. मिशनरी आले ते आपापली स्तोत्रे आणि आपापल्या चाली घेऊन आले. शब्दांचे मराठी झाले, पण चाली तशाच राहिल्या. मराठी शब्द इंग्रजी चालीत बसवायचा म्हणजे ऱ्हस्वाचे दीर्घ करायचे, जिथे श्वास घ्यायचा नाही तिथे घ्यायचा. ज्या बाईने जन्मभर जात्यावर ओवी म्हटली ती बाई रविवारी असे गाणे म्हणताना मनातून कुठे असेल? तिचे ओठ चर्चमध्ये आणि कान जात्यापाशी, असेच काहीसे झाले असणार. टिळकांच्या आधीही हे काही जणांना खुपले होते. अहमदनगरच्या बाजूला कृष्णराव सांगळे यांनी मराठी चालीवर पदे रचली, कीर्तनाच्या उभ्या थाटात ख्रिस्ताची कथा लावली. त्याच्याही फार आधी गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने हेच ओळखले होते. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. नव्या ख्रिस्ती लोकांनी, आमची जुनी पुराणे सुटली, आता वाचायला आम्हांला काहीतरी द्या, अशी मागणी केली म्हणून तो लिहिला गेला असे ग्रंथातच येते. माणसाचा देव बदलतो. कानाला लागलेली ओवी बदलत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. स्टीफन्सला जे उमगले ते सरकारला उमगले नाही, हे काही त्या एका सरकारापुरते खरे नाही. असो.

टिळकांनी मात्र ही गोष्ट पुरती तडीस नेली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते सांगत. त्यामुळे अभंग त्यांना उसना आणावा लागला नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जे 'उपासनासंगीत' वापरतात त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेत ओळखतो; पण दर रविवारी त्यांचे शब्द ज्यांच्या तोंडी असतात त्यांना बहुधा ते कवी म्हणून आठवतही नसतील. गाणे आपले झाले की कवी विसरला जातो. कवीला याहून मोठे काय मिळणार?

एवढे वाचून झाल्यावर माझी ठाम समजूत झाली की प्रश्न सुटला. आपल्या भाषेत, आपल्या चालीत, आपल्यासारखे खाली बसून केली की उपासना खरी होते! रोमन कॅथलिकांनीही शतकानुशतकांची लॅटिन भाषा सोडली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडले. मग वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होऊ लागली. म्हणजे सगळे एकाच दिशेने चालले होते. मी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला म्हटले, "मला तुझ्याबरोबर एकदा चर्चला यायचे आहे. टिळकांची गाणी ऐकायची आहेत."

ती हसली. म्हणाली, "ये की. पण फार आशा धरून येऊ नकोस."

घरी सांगितले तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला, "तिथं पायताण बाहेर काढतेत का?" मी म्हटले, माहीत नाही. ती म्हणाली, "कोनाच्याबी देवाच्या घरी गेलं का बाहेरच काढजो." तेवढ्यावर परवानगी मिळाली.

आंधळगावहून सकाळच्या एस. टी. ने भंडारा गाठला. चर्च लहानसे होते, कौलारू, पुढे कडुनिंबाचे झाड. पायताणे काही जणांनी बाहेर काढली होती, काही जणांनी नव्हती; मी काढली. आत डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. पेटी होती, तबला होता. आणि खरेच टिळकांचे गीत सुरू झाले. चाल ओळखीची होती, आमच्या भजनातल्यासारखी. पण गाणारे... मैत्रिणीने आशा धरू नकोस म्हटले होते ते उगाच नव्हे. पेटीवाला एका लयीत, मंडळी दुसऱ्या. माझ्या पुढच्या बाकावरच्या मावशी गाताना पदराच्या टोकाची गाठ सोडून अर्पणाची नाणी मोजत होत्या. दोन पोरे बाकाखाली एकमेकांच्या पायांना चिमटे घेत होती. एक गृहस्थ डोळे मिटून इतके तल्लीन झाले होते की शेजाऱ्याने कोपराने ढोसल्यावरच ते जागे झाले. हे सारे आमच्या हरिपाठात होते तसेच. मला आनंदही झाला आणि मनात काहीतरी खट्टही झाले. शब्द आपले, चाल आपली, ताल आपला; आणि तरी मन नाण्यांत! परकी चाल काढून टाकली म्हणजे उपासनेच्या वाटेतला एक दगड निघतो. पण वाट चालावी लागतेच.

पंडिता रमाबाईंनी हीच गोष्ट स्वतःच्या बाबतीत फार स्पष्ट सांगितली आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. नंतर आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी लिहिले की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्याला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. तिला विधी, शब्द, अर्थ यांत काय कमी होते? तरी ती म्हणते की नुसते तेवढे पुरले नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने सुकलेल्या मुली व विधवा यांना घेऊन गेल्या. केडगावचे 'मुक्ति' त्यातून वाढले. तिथल्या बायकांसाठी त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम त्याच बायकांनी केले. हे पुस्तक पुरे होऊन बाहेर आले ते १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ज्या पोरीला कुणी ताटात वाढत नव्हते तिने देवाच्या शब्दाचे खिळे जुळवले. मला विचाराल तर रविवारच्या कितीतरी उपासना त्या खिळ्यांवरून ओवाळून टाकाव्यात.

आता त्या रविवारकडे परत येते, कारण खरी गोष्ट गाण्यानंतर घडली.

तो प्रभुभोजनाचा रविवार होता. म्हणजे येशूने पकडले जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर जे भोजन घेतले त्याच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा. त्याच्या आधी या उपासनेत एक लहानसा विधी असतो: एकमेकांना शांती देणे. प्राचीन मंडळीत ही रीत होती. आपल्या देशात दक्षिण भारताच्या चर्चने १९५० च्या आपल्या उपासनाक्रमात ती हातात हात देऊन पुन्हा सुरू केली आणि मग ती इतरत्र रुळली. भंडाऱ्याच्या त्या चर्चमध्ये लोक हात जोडून नमस्कार करत होते, कुणी हातात हात घेत होते. पुढच्या बाकावरच्या मावशींनी वळून माझेही हात हातांत घेतले. त्यांना माहीत होते की मी त्यांची नव्हे. नाणी अर्पणाच्या थैलीत अजून पडायची होती, त्यामुळे हात थोडे ओले आणि धातूचा वास असलेले होते.

नमस्कार करण्यापूर्वी पाळकांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचव्या अध्यायातला एक भाग वाचला होता. त्याचा आशय असा की तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, आणि मग येऊन ते अर्पण कर. मी हे पूर्वी वाचले नव्हते. ऐकताना मला वाटले, किती अडचणीचे सांगणे आहे हे! ते असे नाही सांगत की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर! आपले मन साफ आहे एवढ्यावर भागत नाही. आणि ते येऊन मग समेट कर असेही म्हणत नाही. देवाला थांबायला सांग, म्हणते.

पुरुषांच्या बाजूला, मागून तिसऱ्या बाकावर माझ्या मैत्रिणीच्या आत्याचे यजमान बसले होते. आमच्याकडे त्यांना फुफाजी म्हणतात. साठीचे, ताठ, पांढरा सदरा. लोक नमस्कार करत होते तेव्हा ते बसूनच राहिले. मग उठले. मला वाटले, बाहेर पाणी प्यायला चालले. त्यांनी हातातले अर्पणाचे पाकीट बाकावर ठेवले, वर टोपी ठेवली नाही, काही नाही, आणि ते मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर गेले. काही माना वळल्या. पाळक क्षणभर थांबले, पुढे सुरू झाले. भाकर वाटली गेली. बाकावर ते पाकीट तसेच. थैली फिरवणाऱ्या मुलाने ते उचलायला हात पुढे केला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी मानेने नको म्हटले.

फुफाजी परत आले नाहीत. बाहेर येऊन पाहतो तर त्यांची सायकलही नव्हती. मैत्रीण गप्प होती. कडुनिंबाखाली चहा घेताना तिने हळूच सांगितले, "तुमसरकडे गेले असतील. मोठ्या भावाकडे." भावाभावांत एका बांधीवरून सात वर्षे अबोला होता. धुरा सरकवला, असे एक म्हणत होता. तो मुळातच तिथे होता, असे दुसरा. प्रकरण कोर्टात होते. भावाच्या मुलीच्या लग्नाला फुफाजी गेले नव्हते. ते दर रविवारी चर्चला येत, दर महिन्याला भाकर घेत, आणि हा भाग त्यांनी यापूर्वी कितीदा ऐकला असेल कुणास ठाऊक. त्याच दिवशी का उठले, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. मीही विचारण्याइतकी जवळची नव्हते.

पुढचा वृत्तांत मैत्रिणीने आठ दिवसांनी कॉलेजात दिला. सायकल बसस्थानकाजवळ ठेवून ते एस. टी. ने गेले. भाऊ घरी नव्हता. गोंदियाला कुणाच्या तेराव्याला गेला होता. भावजयीने पाणी दिले. ते ओसरीवर बसून राहिले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. भाऊ शेवटच्या गाडीने आला, ओसरीवर यांना पाहिले, आणि काही न बोलता आत जाऊन जेवायला बसला. मग आतून ओरडला, "याचं ताट कोन वाढन?" एवढेच. बांधीचे नावही कुणी काढले नाही.

हे मी घरी सांगितले. आबाजी मागावर होते. कोशाचा धागा तुटका असतो, सारखा थांबून सांधावा लागतो. ते ऐकत ऐकत सांधत होते. म्हणाले, "मंग बराबर केलन त्यानं. तुटला धागा तसाच ठेऊन धोटा मारला का फुडचं सारं लुगडं वाया जाते." आणि पुन्हा खटखट सुरू झाली. आबाजींना ख्रिस्ती धर्माविषयी काही ठाऊक नाही. मत्तयने त्यांना विचारून लिहिले असावे, असे मला त्या क्षणी वाटून गेले.

नंतर मी जसजशी वाचत गेले तसतसे ध्यानात आले की हा एकटा मत्तय नव्हे. उपासनेविषयी बायबलमध्ये जिथे जिथे कठोर शब्द आहेत तिथे तिथे बोट उपासनेकडे नाही, दाराबाहेर आहे. जुन्या करारातला आमोस हा मेंढरे राखणारा, उंबरांची निगा ठेवणारा माणूस. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला. तो देवाच्या वतीने सांगतो की तुमचे सण, तुमचे बळी, तुमची गाणी आता पुरे. त्याऐवजी न्यायाचा ओढा वाहू द्या. त्याची तक्रार गाणी बेसूर होती अशी नव्हती. तेच लोक बाजारात खोटे तराजू वापरत होते आणि गरिबाला पायताणाच्या जोडासाठी विकत होते, ही होती. आणि पौलाने करिंथच्या मंडळीला जे सुनावले ते तर आपल्या पंगतीलाही लागू पडेल. तिथे प्रभुभोजनाच्या निमित्ताने लोक जमत, श्रीमंत आपले आणलेले आधीच खाऊन घेत, कुणी पिऊन तर्र होई, आणि कष्ट करून उशिरा येणारा उपाशी राही. पौल म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभुभोजन नव्हेच. विधी होता, शब्द होते, भाकर होती, तरी नव्हेच! मागे राहिलेल्या एका उपाशी माणसाने सगळे रद्द करून टाकले.

आपल्याकडे याला जातीचे आणखी एक टोक आहे. 'स्मृतिचित्रे' मी दुसऱ्यांदा वाचली ती या नजरेने. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नव्हत्या. सोवळे, विटाळ, दुसऱ्याच्या हातचे पाणी हे सारे त्यांच्या अंगात भिनलेले होते आणि त्या ते अगदी निर्भीड विनोदाने सांगतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण त्याच्या आधीच एके दिवशी विचार करता करता जात ही माणसाने केलेली आहे असे त्यांना वाटले आणि त्यांच्या मनातून तिचा धाक गळून पडला. म्हणजे देवाजवळ बसण्याच्या आधी त्या माणसांजवळ बसल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि इथे योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहीर आठवते. खरी उपासना कोणती याविषयी येशूचे जे सर्वांत प्रसिद्ध बोलणे आहे ते मंदिरात झालेले नाही; ते भर दुपारी विहिरीच्या काठावर झाले. समोर शोमरोनी बाई होती. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशूने तिच्याकडे पाणी मागितले, आणि तिला आश्चर्य वाटले ते याच गोष्टीचे, की हा माझ्या हातचे पाणी मागतो कसा? मग ती विचारते, उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमेत? तो सांगतो की या डोंगरावर नाही आणि यरुशलेमेतही नाही, अशी वेळ येत आहे. ज्याची उपासना करायची तो आत्मा आहे, तेव्हा ती तशीच, सत्याला धरून झाली पाहिजे. प्रवचनांत हे उत्तर पुष्कळदा येते. पण त्याच्या आधीचे पाणी मागणे मागे पडते. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी हजारो माणसे घेऊन जावे लागले, तिथे तरी ते मागे पडू नये.

मागे पडले, हे मात्र खरे. ख्रिस्ती मंडळ्यांतही जात शिरली आणि राहिली. हा आरोप बाहेरच्यांनी केलेला नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव अस्तित्वात असल्याचे उघडपणे मान्य केले आहे. असे मान्य करणे हीदेखील मला एक प्रकारची उपासनाच वाटते. निदान ती नाणी मोजणे तरी नव्हे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपापली नावे बाजूला ठेवली आणि उत्तर भारताचे चर्च स्थापन केले. कुणी बाळाचा बाप्तिस्मा मानणारे, कुणी न मानणारे, कुणी बिशप असलेले, कुणी बिशप नको म्हणणारे. वर्षानुवर्षे बोलणी चालली होती. भाऊ ओसरीवर येऊन बसायला सात वर्षे लागतात, तर मंडळ्यांना वेळ लागणारच.

कुणी म्हणेल, हे सगळे माणसामाणसांतले झाले, यात देव कुठे आहे? हा प्रश्न मी माझ्या मैत्रिणीला विचारला होता. आमच्याकडे तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, जातपात न पाहता सगळे एका रांगेत बसतात. मग तुमच्यात निराळे काय? तिने थोडा विचार केला. म्हणाली, "आम्ही भाकर मोडतो ना, ती त्याने आमच्यासाठी मोडली म्हणून. आधी त्याने आम्हांला माफ केले. आता आम्ही भावाला माफ न करता तीच भाकर घ्यायची म्हणजे... तूच सांग." तिच्या आवाजात प्रवचन नव्हते, लाजच जास्त होती. ख्रिस्ती माणसाच्या उपासनेचा उगम तिच्या मते इथे आहे, कृतज्ञतेत. भावाकडे जाणे हे उपासनेऐवजी नव्हे, त्या कृतज्ञतेमुळे घडणारे. मी हे तिच्या शब्दांत लिहिते, कारण माझ्याजवळ माझे शब्द नाहीत. टिळकांनाही बहुधा हेच जाणवले असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका बंधुत्वात आणायचे मनात धरले. पण त्यांच्या हातात दोनच वर्षे होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. गाणी राहिली, दरबार राहिला नाही. गाणी राखणे सोपे असते, हेही त्याचे एक कारण असेल.

परवा मैत्रिणीकडे चौकशी केली. बांधीचा खटला अजून चालूच आहे. वकिलांनी पुढची तारीख घेतली आहे, आणि धुरा कुणाचा ते कोर्टच ठरवील असे दोघा भावांचेही म्हणणे आहे. तारखेच्या दिवशी मात्र फुफाजी भंडाऱ्याहून आदल्या संध्याकाळीच भावाच्या गावी मुक्कामाला जातात. सकाळी दोघे एकाच एस. टी. ने कोर्टात जातात. वादी खिडकीशी बसतो, प्रतिवादी त्याच्या शेजारी, आणि भावजयीने दिलेला एकच डबा दोघांच्या मध्ये असतो.